कोनमापक

शाळेत कोनमापक सात, सातवीत मुलं एकोणीस.
एका कोनमापकाचा शून्य कधीच उडालाय,
तो मी माझ्याकडे ठेवते.
शून्य लागतो कुणाला,
पामीरमध्ये सपाट जागा आहे कुठे?

मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला जुन्या ट्रॅक्टरचा नट,
दोन फावडी, आणि निघालो. उणे अकरा.
मोमदशो नट जिभेला लावायला बघत होता.
म्हटलं, चिकटेल.
चिकटला.

उताराच्या पायथ्याशी छातीइतका खड्डा खणला,
भिंत सरळ कापली, हातमोज्याने पुसली.
म्हटलं, हा आपला हिवाळा. खालून वर वाचा.

तळाशी नोव्हेंबर:
जमीन अजून ऊबदार, आभाळ रात्रभर उघडं,
मधल्या पातळ बर्फातून वाफ वर निघाली
आणि जाता जाता एकेका कणाला टोकं काढत गेली.
मूठ वळा बरं याची.
वळेना. बोटांतून सांडायला लागला.
"साखर!" कुणीतरी ओरडलं,
चौघांनी लगेच चाटून पाहिली
आणि गोड नसल्याचं वर्गाला कळवलं.

त्यावर जानेवारी, वाऱ्याने थापून थापून घट्ट केलेला.
निकबख्त बराच वेळ बघत राहिली.
"म्हणजे मुअल्लिमा, साखरेवर पाटा ठेवलाय."
बारा वर्षं शिकवतेय,
हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मग बर्फाचा खांब मोकळा कापला, वर फावडं पालथं घातलं.
दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून.
एकोणीस तोंडांतून वाफा आणि आकडे.
दहापर्यंत काही नाही.
अकरा.
बारा.
तेराव्या थापेला वरचा ठोकळा सरकला,
कपाटाचा खण ओढावा इतका अलगद,
आणि चौदा कुणी म्हटलंच नाही.

आता कोन. नजर उताराच्या रेषेत, नट स्थिर होऊ द्या.
तीस ते पंचेचाळीस आलं तर वहीत लाल पेन्सिल.
निकबख्तचा दोरा थांबला बावन्नवर.
"फारच उभा. तिथे बर्फ साठतच नसेल ना?"
चेहऱ्यावर सुटका.
नव्वदातून वजा केलंस का, विचारलं मी.
विचारावं लागलं.
हातमोज्यावर बोटाने तिने वजाबाकी केली.
अडतीस.
त्या उताराखाली पाच खांबांचं एक घर,
दोरीवर गोठून उभे राहिलेले वडिलांचे दोन सदरे,
धूर. तिचंच घर.

तो आकडा मला सहा वर्षांपासून माहीत होता.
शून्य उडालेल्या कोनमापकाने मोजून ठेवला होता.
कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचं,
असं म्हणत म्हणत सहा हिवाळे गेले.

संध्याकाळी तिचे आजोबा आले, कदमशो.
"डोंगराला कधी कुणी कोनमापक लावतं का, बाई?
तो देवाने ठेवलाय तसा आहे."
मी शीरचोय दिला. त्यांनी भाकरी कुस्करून खाल्ला,
वाडगा पालथा घातला,
बूट चढवताना, माझ्याकडे न बघता,
"किती आला म्हणालीस?"

फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडला, वाऱ्यासकट.
ओढ्यापलीकडच्या शाळेत, जिथला उतार बारा अंश,
चार घरं झोपायला आली:
गाद्या, शिलाई मशीन, एक नाराज बोकड.
तीन रात्री आम्ही कान देऊन जागलो.
काही आलं नाही.

चौथ्या दिवशी सगळे परत गेले, जरा ओशाळून.
पोरांनी निकबख्तला आयतं सापडवलं:
कुठे गेली तुझी साखर? वाऱ्याने खाल्ली?
ती काही बोलली नाही.
मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसली,
शाळेमागे, गुडघे बर्फात, फावडं पालथं.
मोमदशो शेजारी वही धरून.
काचेमुळे आवाज येत नव्हता,
नुसते ओठ हलत होते:
सात, आठ, नऊ,
मी खडू खाली ठेवला.